चालकाच्या मागची सीट

१

नव्या गाड्या चालवून पाहायच्या आणि त्या कशा आहेत ते लोकांना सांगायचं, हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, तो माणूस सुखी असणार असं जगाला वाटतं. पणकरकडे बघून तसं कुणालाच वाटलं नसतं.

‘पणकर’ हे काही त्याचं आडनाव नव्हे. ते वाचकांनी ठेवलेलं. गेली अकरा वर्षं तो मोटारींच्या एका मासिकात परीक्षणं लिहीत होता, आणि त्या अकरा वर्षांत ‘पण’ लागल्यावाचून एकही गाडी त्याच्या हातून सुटली नव्हती. गाडी देखणी आहे, पण दार लावताना पत्र्याचा डबा वाजतो. डिकी ऐसपैस आहे, पण तिचं तोंड अरुंद. त्याची आई तर सांगायची, “हा जन्मला ना, तेव्हा रडण्याआधी यानं खोलीभर नजर फिरवून घेतली. पंखा कुरकुरतोय असं दिसलं, मग रडला.”

त्या सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस आठवडाभरासाठी नवी गाडी घेऊन कचेरीखाली आला. छोटी क्रॉसओव्हर. लांबीला जेमतेम, उंचीला मात्र टाचा वर करून उभी राहिल्यासारखी. रंग पिकल्या लिंबाचा. रस्त्यानं जाणारी माणसं तिच्याकडे बघून उगाच हसत होती.

पणकरची एक ठरलेली चाचणी होती. आधी चालकाची सीट स्वतःच्या मापाला लावायची, मग उतरून बरोबर तिच्या मागे बसायचं. या धंद्यात त्याला ‘स्वतःच्या मागे बसणं’ म्हणतात. आपल्याएवढाच उंच माणूस गाडी चालवत असेल तर मागे आपले गुडघे मावतात का, हे त्यावरून कळतं. पणकर ते बोटांनी मोजायचा. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यात चार बोटं आडवी बसली, की जागा भरपूर.

चार बसली. त्यानं वहीत तसं लिहिलं. पेनाला टोपण लावत असताना पुढची सीट हलली.

हलली म्हणजे फार नव्हे. कुणी बसून पाठ टेकली की सीट जशी हलकेच मागे दबते, आतल्या फोमचा बारीक उसासा येतो, तेवढीच. पुढे कुणी नव्हतं. सीट विजेवर चालणारीही नव्हती. खाली दांडी होती, ती उचलून सीट पुढेमागे करायची. दांडी जागच्या जागी होती.

त्यानं पुन्हा बोटं घातली. तीन बसली.

‘नवा फोम आहे,’ त्यानं स्वतःला सांगितलं, आणि वहीतला चार खोडून तीन केला.

२

त्याचे फोटो आणि व्हिडिओ त्याची धाकटी बहीण काढायची. अंगानं एवढीशी, आवाजानं दांडगी. मंगळवारी कचेरीमागच्या आवारात तिच्यादेखत त्यानं पुन्हा मोजून पाहिलं. मोकळ्या सीटला चार बोटं. बसून, जरा थांबून मोजलं, तर तीन.

“दादा, तू जाडा झालायस.”

“गुडघा जाडा होतो का कधी?”

“तुझा झाला असेल. तुझं सगळंच जगावेगळं.”

मग ती बसली. बराच वेळ बसली, मागे टेकली, पाय हलवले, गाणं म्हटलं. सीट तसूभर हलली नाही. तो बसला, आणि उसासा आला.

“ऐकलंस?”

“काय?”

तिनं काढलेला व्हिडिओ दोघांनी गाडीच्या बॉनेटला टेकून पाहिला. पडद्यावर तो मागे बसला होता आणि समोर सीटची पाठ होती. ती हलल्याचं दिसत होतं म्हटलं तर दिसत होतं. कापडावर दोन सुरकुत्या आल्या, जिथं माणसाचे खांदे येतात तिथं.

“ऊन लागलं की फोम फुगतो, सावली आली की बसतो,” तो म्हणाला.

बहिणीचं सीटकडे लक्षच नव्हतं. “ते सोड. इथं बघ, तू हसतोयस.”

खरंच. सीट मागे दबली त्याच क्षणी पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. लहान मुलाला कुणी खांद्यावर घेतल्यावर येतं तसं. आपण हसल्याचं त्याला अजिबात आठवत नव्हतं.

“हा तुकडा मी जपून ठेवणार,” बहीण म्हणाली. “कुणाचा विश्वास बसायचा नाही.”

परत जाताना त्यानं शहराबाहेरचा लांबचा रस्ता धरला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. घरी पोचेपर्यंत एकही ‘पण’ सापडला नाही. त्याला जरा घाबरल्यासारखं झालं, आणि लगेच त्या घाबरण्याचंच हसू आलं.

३

बुधवारी संध्याकाळी, अजून चांगला लख्ख उजेड होता तेव्हा, त्यानं घरच्यांना तळ्याकाठच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणली. आई पुढे, बायको आणि मुलगी मागे. एरवी चाचणीच्या गाडीत बोललेलं त्याला खपायचं नाही. आवाज ऐकायचे असतात, तो म्हणायचा. त्या दिवशी मात्र गाडीत नुसता धुडगूस होता. मुलगी हसता हसता सीटवरून खाली घसरली. आईनं डोळे पुसले.

घरी आल्यावर आई म्हणाली, “अरे, तू एवढ्या नकला करतोस हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या त्या संपादकबाई तर काय हुबेहूब!”

“मी?”

“नाही, मी केल्या,” आई म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

नकला त्याला आठवत होत्या. ऐकल्याच्या आठवत होत्या. हसून हसून त्याचंही पोट दुखलं होतं, आणि मुलीचा खांदा आपल्या दंडाला लागत होता हेही आठवत होतं. पण मुलगी तर मागे बसली होती.

बायको ओटा पुसत होती. ती दातांची डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणून घरी आली की स्वतः गप्प बसायची. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“माझ्या उजव्या कानाच्या मागे पांढरे केस आहेत का गं?”

“आहेत की. तीन. वर्ष झालं असेल.” तिनं मान वर केली. “तुला कुणी सांगितलं?”

“आरशात दिसले.”

“कानामागचं आरशात कसं दिसेल?” ती म्हणाली. मग फडकं टाकून तिनं त्याच्या जबड्यावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवली, दवाखान्यात ठेवते तशी. “एक सांगू? तू झोपेत दात खायचा थांबलायस. गेले दोन दिवस. जबडा किती सैल झालाय बघ. काय चाललंय काय तुझं?”

“काही नाही. गाडी बरी आहे.”

“बरी? तू चक्क बरी म्हणालास?” आणि तिनं ओल्या हातांनीच त्याचा चेहरा धरला. तीही हसत होती. त्या घरात इतकं हसू बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं, आणि ते कुठून येतंय हे विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

४

गुरुवारी त्यानं परीक्षण लिहून पाठवलं. शुक्रवारी दुपारी संपादकबाईंचा फोन आला.

“लेख सुरेख झालाय. म्हणजे, तुम्ही आजारी तर नाही ना?”

“नाही. का?”

“एकही ‘पण’ नाही. तेही चालेल. मात्र तुम्ही सगळं मागच्या सीटबद्दल लिहिलंय. खिडकीतून झाडं कशी दिसतात, चालकाच्या खांद्यावरून रस्ता कसा उलगडत जातो, वळणावर किती निवांत वाटतं. दीड हजार शब्द! अहो, चालवायला कशी आहे गाडी?”

त्यानं आठवून पाहिलं. क्लच हलका की जड? स्टिअरिंग हातात कसं वाटतं? चार दिवस तो त्या गाडीतून फिरत होता आणि त्याच्या तळव्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

“सोमवारपर्यंत देतो,” तो म्हणाला.

फोन ठेवून तो खाली गेला. आवारात ऊन होतं, लिंबाच्या रंगाची गाडी त्यात आनंदानं उभी होती. तो चालकाच्या सीटवर बसला. हात स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन बंद. काच वर. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि जरा वेळानं असं वाटलं की श्वास एक नाही. तो खाली उतरला. आपण चांगले शिकलेसवरलेले, हे आपल्याला शोभत नाही, असं म्हणत त्यानं दार लावलं. ऊन डोक्यात चढत होतं. नीट विचार करायला म्हणून तो मागचं दार उघडून आत बसला. चालकाच्या मागे. उसासा आला. किती बरं वाटलं.

काचेवर टकटक झाली तेव्हा पहारेकरी वाकून आत बघत होता. ऊन भिंतीवर चढलं होतं.

“साहेब, मस्त चक्कर मारून आलात वाटतं?”

“मी इथंच बसलोय.”

पहारेकरी मोकळेपणानं हसला. “काय साहेब! मीच फाटक उघडलं ना. जाताना तुम्ही हात केलात, येताना हॉर्न वाजवलात. तुम्ही कधी हात करत नाही, म्हणून लक्षात राहिलं. छान वाटलं.”

तो गेल्यावर पणकर उतरला आणि बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला. उन्हानंही तापतं बॉनेट. पण आत इंजिनाचा पंखा अजून फिरत होता.

आपणच गेलो असू, असं त्यानं ठरवलं. गेलो, आलो, मागे जाऊन बसलो, डोळा लागला. अकरा वर्षांचा शीण आहे. एवढं ठरवूनही त्याला एक गोष्ट सतावत राहिली: त्याला भीती वाटायला हवी होती आणि वाटत नव्हती.

५

शनिवारी घाटाची चाचणी होती. पाच माणसं भरून चढावर गाडी कशी ओढते ते पाहायचं. या वेळी घरच्यांना न्यायचं नाही, असं त्याच्या मनात होतं. खाली येऊन बघतो तो आई पर्स मांडीवर घेऊन, पट्टा लावून पुढच्या सीटवर बसलेली.

“आई, आज काम आहे.”

“कर की काम. मी का अडवतेय?”

मागे बायको, मुलगी आणि बहीण. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. आज एक क्षणही हातातून सुटू द्यायचा नाही. चढ लागला तसा तो मोठ्यानं म्हणू लागला, “दुसरा गिअर. क्लच हलका. आता तिसरा.” मुलीनं तेच उचललं. “तिसराऽऽ!” बहिणीनं चाल लावली. अर्ध्या घाटात सगळी गाडी गिअरांचं गाणं म्हणत होती आणि आई मांडीवर ताल धरत होती. स्टिअरिंग हाताला जिवंत लागत होतं. ‘मी चालवतोय,’ त्याच्या मनात आलं, ‘मीच,’ आणि त्याचा ऊर भरून आला.

माथ्यावर बहीण उतरली आणि कॅमेरा त्याच्या हातात कोंबला.

“अकरा वर्षं मी रस्त्याकडेला उभी राहून तुझ्या गाड्या जाताना टिपतेय. आज तू उभा राहा. मी चालवते.”

त्यानं खुशीत किल्ली दिली. दुसऱ्या कुणी चालवलेली बरीच.

वळणाच्या कडेला गवतात तो उभा राहिला. गाडी खाली जाऊन वळून येणार होती. आधी आवाज आला: इंजिनाचा, मग गाण्याचा. मग ती आली. चारी काचा खाली, खिडक्यांतून हात बाहेर, आईचासुद्धा. समोरच्या काचेवर आभाळ होतं. वळणावर गाडी जराशी कलली, आभाळ काचेवरून सरकलं.

स्टिअरिंगवर तो होता.

चष्मा त्याचा, निळा शर्ट त्याचा, आणि तोंड भरून हसणं, जे त्यानं फक्त त्या व्हिडिओत पाहिलं होतं. त्यानं कडेला उभ्या असलेल्याकडे बघून हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मागे खिडकीशी बहीण बसली होती. पणकरनं डोकी मोजली. पाच. गाडी भरलेली होती.

ती पुढच्या वळणाआड गेली. गाणं विरलं. गवतात एक पक्षी बोलत होता तो थांबला. कॅमेरा धरून तो उभा राहिला, आणि पहिल्यांदा त्याला खरी भीती वाटली. ती परत नाही आली तर? आत कुणाला काही कमी वाटत नसेल तर?

चार मिनिटांनी गाडी येऊन त्याच्यासमोर थांबली. बहीण चालकाच्या दारातून उतरली, गाल लाल.

“काय गाडी आहे रे!”

“तू... तूच चालवलीस?”

“मग काय आईनं?”

तो आत बसला. सीट बरोबर त्याच्या मापाला होती. त्याच्या खांद्यालाही न लागणाऱ्या बहिणीनं ती गाडी इतकी खाली नेऊन परत आणली होती.

“सीट पुढे घेतली नाहीस?”

“हातच नाही लावला सीटला.” ती कॅमेरा तपासत होती. “काचेवर नुसतं आभाळ आलंय, आत काही दिसत नाही. थांब, आता मी घेते तुझा. जा, खालून वळून ये.”

ती गवतात उभी राहिली. त्यानं दार लावलं. त्याच्या मागची सीट आता रिकामी. पलीकडे बायको, मध्ये मुलगी. त्यानं किल्लीला हात घातला, आणि पाठीला काहीतरी लागलं. दोन ठिकाणी, हलकेच, सीटच्या आरपार. अडचणीत बसलेल्या माणसाचे गुडघे लागतात तसे.

मागे मुलगी गाणं न थांबवता, कुणी न सांगता, आपल्या आईच्या बाजूला सरकली.

त्यानं आरशात पाहिलं नाही. खाली हात घालून दांडी उचलली आणि सीट एक खाच पुढे घेतली.

“कशाला?” बायकोनं विचारलं.

“मागे नीट बसता यावं म्हणून.”

कुणाला, ते तिनं विचारलं नाही. पाठीवरचा दाब गेला. त्यानं गाडी सुरू केली, आणि मग त्यानं ती जशी चालवली तशी आयुष्यात कुठली गाडी चालवली नव्हती. उतारावर वारा आत घुसला, आई ओरडली, “हळू रे!” आणि लगेच म्हणाली, “नको, जाऊ दे!” तो नकला करत होता, गात होता, वळणावळणाला हॉर्न वाजवत होता. आनंदानं त्याचे डोळे भरून आले. एकदाच, अगदी एकदाच, मागून कुणीतरी हलकेच काही बोलल्यासारखं वाटलं. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

६

लेख त्यानं रविवारी एका बैठकीत पुरा केला. संपादकबाईंना इतका आवडला की त्यांनी मुखपृष्ठावर जागा दिली.

सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस गाडी न्यायला घराखाली आला. त्यानं कागदावर सह्या घेतल्या, गाडीभोवती फिरून ओरखडे पाहिले.

“कशी वाटली, साहेब?”

“सोडवत नाही,” पणकर म्हणाला, आणि दोघंही हसले.

गाडी निघाली. फाटकाशी तिला थांबावं लागलं. समोरून शाळेची गाडी वळत होती. तेवढ्यात सूर्य बाजूच्या काचेवरून हटला आणि आतलं दिसलं. चालकाच्या मागच्या सीटवर एक माणूस बसला होता. निळा शर्ट. तोच शर्ट या क्षणी वर गच्चीत दोरीवर ओला टपकत होता, तो पणकरनं स्वतः पिळून टाकला होता. माणसानं मान वळवली. घाबरलेला नव्हता तो. निवांत होता, पाय सुखानं मावलेले, दूर जायच्या तयारीनं बसल्यासारखा. फक्त काचेवर आतून तळवा टेकवून तो पणकरकडे बघत होता. तो काहीतरी मागतोय की निरोप घेतोय, ते कळत नव्हतं.

शाळेच्या गाडीला वळायला वेळ लागला. एक हाक मारायला पुरेल इतका. कंपनीचा माणूस थांबला असता, दार उघडता आलं असतं. पणकरनं हाक मारायला तोंड उघडलं.

“बाबा!” वरून मुलगी ओरडली. “ये ना लवकर, आजी तुझी नक्कल करतेय!”

वर सगळे हसत होते. आईचा आवाज, बायकोचा, सकाळीच येऊन बसलेल्या बहिणीचा. दार उघडं होतं.

फाटकापाशी रस्ता मोकळा झाला. लिंबाच्या रंगाची गाडी डावीकडे वळली आणि रहदारीत मिसळली. तो शेवटपर्यंत तिथं थांबला नाही. दोन दोन पायऱ्या एकदम चढत तो वर गेला.